पाणी निवळणारे भक्षक

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचे वर्णन बहुधा यंत्रांच्या भाषेत केले जाते. ब्लोअर किती अश्वशक्तीचे, टाक्या किती घनमीटरच्या, दिवसाला किती दशलक्ष लिटर पाणी येते आणि किती बाहेर पडते, असा त्याचा हिशेब असतो आणि तो ठेवणे आवश्यकही असते. परंतु पंप पाणी एका जागेहून दुसरीकडे नेतो, ब्लोअर त्यात हवा सोडतो, जाळी चिंध्या आणि प्लास्टिक अडवते, आणि यांपैकी एकाही यंत्राला पाण्यात विरघळलेली घाण काढून टाकता येत नाही. ते काम खाण्याचे आहे आणि खाणे सजीवांनाच जमते. विष्ठा, मूत्र, अन्नाचे अंश आणि साबण यांतून पाण्यात उतरलेली सेंद्रिय द्रव्ये जिवाणू खातात, आणि त्या जिवाणूंना त्यांच्याहून कितीतरी मोठे, तरीही नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय प्राणी खातात. या दुसऱ्या पंगतीच्या जीवांना आदिजीव किंवा प्रोटोझोआ असे म्हणतात. हवा देऊन घुसळलेल्या टाकीत त्यांच्या २०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, आणि चांगल्या चाललेल्या टाकीतील एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण वीस थेंबांत, त्यांची संख्या हजारोंच्या घरात असते. असे असूनही माणसाने या जीवांविषयी बांधलेले अंदाज पुनःपुन्हा चुकत गेले, आणि ते का चुकले हे समजून घेणे पाण्याच्या शास्त्राइतकेच माणसाच्या पाहण्याच्या रीतीवरही प्रकाश टाकणारे आहे.

आदिजीवांचे शरीर एकाच पेशीचे असते, त्यामुळे अन्न मिळवणे, पचवणे, उत्सर्जन करणे, हालणे, धोका ओळखणे आणि वंश वाढवणे ही सारी कामे त्या एका पेशीलाच निभावावी लागतात. आजचे वर्गीकरणशास्त्र या सर्वांना एकाच कुळातले मानत नाही. तरीही पाण्याच्या अभ्यासात त्यांची हालचालीच्या साधनांवरून केलेली जुनी विभागणी उपयोगी पडते. अमिबासारखे जीव शरीरातील द्रव एका दिशेला ढकलून तात्पुरता पाय काढतात, ज्याला छद्मपाद म्हणतात. काहींना चाबकासारखे एक किंवा अनेक लांब धागे असतात, ज्यांना कशाभिका म्हणतात. आणि ज्यांच्याभोवती प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने फिरणार आहे त्यांच्या अंगावर किंवा तोंडाभोवती आखूड, एका लयीत हलणाऱ्या केसांच्या रांगा असतात. या केसांना पक्ष्माभिका आणि ते धारण करणाऱ्या जीवांना पक्ष्माभिकाधारी म्हणतात. शालेय पुस्तकांत भेटणारा पॅरामेशियम याच गटातला आहे.

या जगाचे दार उघडले ते नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी. तेथे कापडाचा व्यापार करणाऱ्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने स्वतः घासून तयार केलेल्या इवल्याशा भिंगांतून १६७४ मध्ये एका सरोवराचे पाणी पाहिले आणि त्यात हिंडणारे सूक्ष्म जीव पाहून तो थक्क झाला. पुढे पावसाचे साठवलेले पाणी, विहिरीचे पाणी, मिरी भिजत घातलेले पाणी असे अनेक नमुने त्याने तपासले आणि ९ ऑक्टोबर १६७६ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला सविस्तर पत्र लिहून कळवले. या पत्रात ज्या जीवांचे वर्णन आहे त्यांपैकी एकाला लांब शेपूट असून शेपटीच्या टोकाला बारीकशी गाठ आहे. ही गाठ पाण्यातील एखाद्या धाग्यात अडकली की तो जीव सुटण्यासाठी अंग ताणतो आणि पुन्हा झटक्यासरशी मागे खेचला जातो, आणि त्याची शेपूट वेटोळी होते, असे लेव्हेनहुकला दिसले. आपल्या आयुष्यात पाहिलेल्या प्राण्यांत हा सर्वांत दयनीय, असा अभिप्राय त्याने नोंदवला. वर्णन इतके अचूक होते की आजचा अभ्यासक त्यावरून तो जीव ओळखू शकतो. तो व्हॉर्टिसेला होता. चूक निरीक्षणाची नव्हती. जे पाहिले त्याचा अर्थ लावताना मात्र लेव्हेनहुक चुकला, कारण तो जीव अडकलेला नव्हताच. त्याने स्वतःला तेथे रोवून घेतले होते.

सांडपाण्याच्या टाकीतून काढलेला एक थेंब काचपट्टीवर ठेवून १०० पट मोठा करून पाहिला, की तपकिरी रंगाचे, कडा विस्कटलेले पुंजके दिसतात. शुद्धीकरण केंद्रात काम करणारे लोक त्यांना फ्लॉक म्हणतात. जिवाणू, त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ आणि पाण्यातील कण एकत्र येऊन ते बनलेले असतात. अशा पुंजक्याच्या कडेवर व्हॉर्टिसेला उभा असतो. त्याचे शरीर घंटेच्या आकाराचे, साधारण एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे असते, आणि घंटेचे तोंड पुंजक्यापासून दूर, मोकळ्या पाण्याकडे वळलेले असते. घंटेच्या काठावर पक्ष्माभिकांची वलयाकार रांग असून ती एकामागून एक अशी वाकत जाते, त्यामुळे काठावरून जणू लाट फिरत राहते आणि पाण्यात भोवरा तयार होतो. या भोवऱ्याबरोबर सुटे जिवाणू घंटेच्या तोंडाशी ओढले जातात, आत उतरतात आणि त्यांच्याभोवती द्रवाचा एक फुगा तयार होतो, ज्याला अन्नरिक्तिका म्हणतात. हा फुगा शरीरात फिरत असताना त्यातील जिवाणू पचतात. त्याच शरीरात दुसरा एक फुगा ठरावीक अंतराने भरतो आणि रिकामा होतो. ती संकोचशील रिक्तिका होय. गोड्या पाण्यात क्षारांचे प्रमाण पेशीच्या आतल्यापेक्षा कमी असल्याने पाणी सतत आत झिरपत राहते आणि ते बाहेर टाकले नाही तर पेशी फुटेल, म्हणून या रिक्तिकेला क्षणभरही विसावा नसतो. घंटेच्या आत नालेच्या आकाराचे वळलेले मोठे केंद्रक दिसते आणि त्याजवळ, रंग दिल्याखेरीज सहसा न दिसणारे, लहान केंद्रक असते.

थेंबाला धक्का लागला किंवा एखादा मोठा जीव आदळला, की एवढा वेळ स्थिर असलेली ती घंटा दिसेनाशी होते. दांडा मळसूत्रासारखा गुंडाळला जाऊन घंटा पुंजक्याला चिकटते आणि तिचे तोंड मिटते. नंतर सावकाश, कित्येक सेकंद घेऊन, दांडा उलगडतो आणि पक्ष्माभिका पुन्हा फिरू लागतात. ही आकुंचनाची क्रिया सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात घडते आणि सजीवांच्या ज्ञात हालचालींत ती अतिशय वेगवान मानली जाते. प्राण्यांचे स्नायू ज्या रासायनिक इंधनावर चालतात ते इंधन या आकुंचनात थेट वापरले जात नाही. दांड्यातून जाणाऱ्या तंतूमधील प्रथिनांना कॅल्शियमचे आयन चिकटले की तंतू आपोआप आखडतो आणि कॅल्शियम परत ओढून घेतले की तो सैल होतो. प्रजननाच्या वेळी घंटा उभी दुभंगते. एक भाग जुन्या दांड्यावर राहतो, तर दुसऱ्याच्या मागच्या बाजूस पक्ष्माभिकांचे नवे कडे उगवते आणि तो पोहत जाऊन नवी जागा शोधतो. पाण्यातील प्राणवायू फार घटला, तर जुनी घंटाही दांडा सोडून अशीच निघून जाते. म्हणजे सुटण्याची सोय या जीवाला प्रथमपासून आहे. तो चिकटून राहतो ते लाभ पाहून, आणि त्याचा तो लाभ सांडपाण्याच्या संदर्भात माणसाचाही लाभ ठरतो. याचे कारण समजण्यासाठी ज्या टाकीत हा जीव राहतो तिचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्लंडमधील मँचेस्टर हे एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांचे शहर होते आणि तेथील नद्यांची गटारे झाली होती. या शहराच्या मैलापाण्यावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रात गेले आणि तेथे हवा दिलेल्या सांडपाण्याचे प्रयोग पाहून आले. त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग केले. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे ५ आठवडे लागले. त्यानंतर त्यांनी वरचे निवळलेले पाणी ओतून दिले, तळाशी बसलेला गाळ मात्र टाकला नाही, आणि त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतून पुन्हा हवा दिली. हे अनेकदा केल्यावर गाळ साठत गेला आणि लागणारा काळ घटत घटत एका दिवसाच्या आत आला. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हे काम मांडले आणि त्या गाळाला सक्रिय गाळ हे नाव दिले. आज जगभरातील शहरांत ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. तिचे मर्म एवढेच की, जो गाळ तोवर फेकून देण्याची वस्तू होता तो ठेवून घ्यायचा, टाकीतून वाहत आलेले पाणी दुसऱ्या शांत टाकीत निवळू द्यायचे आणि तळाचा गाळ पुन्हा पहिल्या टाकीत परत न्यायचा. या फेऱ्यात जे जीव मोकळे पोहतात ते पाण्याबरोबर वाहून जातात, आणि जे गाळाच्या पुंजक्यांना धरून असतात ते पुंजक्यांबरोबर तळाशी बसतात व परत आणले जातात. लेव्हेनहुकला ज्या शेपटीची कीव आली होती, तिच्याच बळावर व्हॉर्टिसेला या टाकीत टिकतो.

परंतु सक्रिय गाळाचा शोध लागला तेव्हा आदिजीवांकडे संशयाने पाहण्याचेच दिवस होते. इंग्लंडमध्येच रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये असे मांडले होते की, माती तापवली किंवा तिच्यावर औषधाची वाफ सोडली की तिची सुपीकता वाढते, कारण त्यामुळे उपयुक्त जिवाणूंना खाणारे आदिजीव मरतात. मातीत जे शत्रू, ते मैलापाण्यात मित्र कसे असतील, हा विचार त्यानंतर स्वाभाविक होता. घाण खाण्याचे काम जिवाणू करतात. जिवाणूंना आदिजीव खातात. म्हणून आदिजीव कामात विघ्न आणतात, हा तर्क इतका सरळ आहे की त्यात खोट शोधावी असे कोणाला सहसा वाटणार नाही.

या तर्काला छेद देणाऱ्या महत्त्वाच्या कामाचा एक भाग भारतात झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि मैलापाण्याच्या जीवरसायनशास्त्राचा अभ्यास त्यांच्याबरोबर तेथे रुजला. त्याच संस्थेतील एस. सी. पिल्लई आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी १९४२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सक्रिय गाळातील आदिजीवांच्या कार्याविषयी टिपण प्रसिद्ध केले आणि १९४४ मध्ये त्याच विषयावर दुसरे टिपण लिहिले. पाणी निवळवण्याच्या कामात आदिजीवांचा, विशेषतः व्हॉर्टिसेलाच्या जवळच्या नात्यातील एपिस्टायलिससारख्या देठधारी जीवांचा वाटा मुख्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील संशोधनाने हा दावा जसाच्या तसा मान्य केला नाही. विरघळलेली द्रव्ये खाण्याचे मूळ काम जिवाणूंचेच, हे आज सर्वमान्य आहे. परंतु ज्यांना विघ्न समजले जात होते त्यांना कर्त्याच्या जागी ठेवून पाहण्याचे धैर्य त्या टिपणांत होते, आणि प्रश्न योग्य जागी बोट ठेवून विचारला गेला होता. सुब्रह्मण्यन पुढे म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

प्रश्नाचा निर्णायक निकाल १९६८ मध्ये लागला. इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील जलप्रदूषण संशोधन प्रयोगशाळेत कॉलिन कर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सक्रिय गाळाचे छोटे प्रायोगिक संच अशा रीतीने चालवले की त्यांत पक्ष्माभिकाधारी जीव शिरू नयेत. जिवाणू भरपूर होते, हवा भरपूर होती, खाण्याला तोटा नव्हता, आणि तरीही बाहेर पडणारे पाणी गढूळच राहिले. त्याच्या दर मिलिलिटरमध्ये १० कोटींहून अधिक जिवंत जिवाणू सापडत होते. नंतर काही संचांत पक्ष्माभिकाधारी जीव सोडले. थोड्याच दिवसांत त्या संचांचे पाणी निवळले, जिवाणूंची संख्या १ कोटीच्या खाली आली आणि पाण्यात उरलेले सेंद्रिय द्रव्यही पुष्कळ कमी झाले. आतड्यांतील जिवाणूंबाबतही असाच फरक आढळला. पक्ष्माभिकाधारी नसताना ई. कोलाय हा जिवाणू सुमारे निम्मा काढला जात होता, तर ते असताना सुमारे ९५ टक्के काढला गेला.

सरळ दिसणाऱ्या त्या जुन्या तर्कात खोट कोठे होती, हे या प्रयोगांवरून उमगते. जिवाणूंनी विरघळलेली घाण खाल्ली म्हणजे ती नाहीशी होत नाही. तिचा एक भाग श्वसनात जळून कर्बवायू होतो आणि उरलेल्याचे जिवाणूंचेच शरीर बनते. एकएकटे तरंगणारे असे अब्जावधी जिवाणू इतके हलके असतात की ते खाली बसत नाहीत, आणि नदीत सोडल्यावर तेच मरून नवी घाण होतात. म्हणजे घाणीचे केवळ रूप पालटलेले असते. पक्ष्माभिकाधारी जीव हे सुटे जिवाणू खातात तेव्हा त्यांतलाही मोठा भाग श्वसनात जळतो, आणि दोन वेळा खाल्ले गेल्यावर मूळ द्रव्याचा अंश आणखी कमी उरतो. त्याहूनही महत्त्वाचा परिणाम अप्रत्यक्ष आहे. जे जिवाणू एकटे फिरतात ते भोवऱ्यात सापडतात आणि जे चिकट द्रव स्रवून एकमेकांना धरून राहतात ते घंटेच्या तोंडात मावत नाहीत. त्यामुळे भक्षकांच्या सततच्या दडपणाखाली पुंजके करून राहणाऱ्या जिवाणूंचीच वाढ होते. पुंजके जड असतात, ते तळाशी बसतात, आणि वरचे पाणी स्वच्छ होते. काही पक्ष्माभिकाधारी स्वतःही असे चिकट द्रव्य सोडतात, ज्यामुळे बारीक कण एकत्र येतात. खेड्यापाड्यांत पूर्वी निवळीचे बी घासून गढूळ पाण्यात सोडत असत, आणि कण एकत्र येऊन तळाशी बसल्यावर वरचे पाणी पिण्याजोगे होई. या टाक्यांत बी घासणारा हात नसतो, तर खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्या संबंधातून तेच घडते. भक्षक कामगारांची संख्या घटवतो हे खरे, परंतु कामाचा शेवट तोच करतो.

या समूहात व्हॉर्टिसेला एकटा नाही, आणि त्याच्या नातलगांमधील बारीक भेद पाहण्यासारखे आहेत. कार्केसियममध्ये एका फांदीदार दांड्यावर अनेक घंटा असतात, परंतु प्रत्येकीचा आकुंचन पावणारा तंतू स्वतंत्र असल्याने एक आखडली तरी शेजारची उभी राहते. झूथॅम्नियममध्ये हा तंतू साऱ्या वसाहतीत अखंड असतो, म्हणून एकीला धक्का लागला की सगळी फांदी एकदम मिटते. एपिस्टायलिसच्या दांड्यात आखडणारा तंतूच नसतो. तेथे दांडा जागचा हलत नाही, केवळ घंटा अंग चोरते. पुंजक्यांच्या पृष्ठभागावर ॲस्पिडिस्का हा लहानसा, पाठीवर कंगोरे असलेला जीव फिरत असतो. त्याच्या पोटाखालच्या पक्ष्माभिकांच्या जुड्या एकत्र येऊन पायांसारख्या बनलेल्या असतात आणि त्यांवर चालत तो पुंजक्याला सैल चिकटलेले जिवाणू वेचतो. आर्सेला हा अमिबाच्या जातीचा जीव घुमटाच्या आकाराचे पिवळट तपकिरी कवच घेऊन सरकतो. आणि सक्टोरिया नावाचे जीव बालपणी पक्ष्माभिकांनी पोहतात, मोठे झाल्यावर पक्ष्माभिका टाकून देऊन एका जागी बसतात आणि नळीसारख्या शुंडकांनी इतर पक्ष्माभिकाधारींना पकडून त्यांच्या अंगातील द्रव शोषून घेतात. म्हणजे भक्षकालाही भक्षक असतो आणि घाणीचे द्रव्य आणखी एक पायरी चढते.

हे सारे जीव एकदम येत नाहीत. नव्याने सुरू झालेल्या टाकीत प्रथम अमिबा आणि कशाभिकाधारी दिसतात, कारण अन्न मुबलक असताना वेगाने वाढणारे साधे जीव पुढे सरसावतात. सुटे जिवाणू वाढले की पोहणारे पक्ष्माभिकाधारी येतात. पुंजके बनू लागले की पुंजक्यांवर चालणारे आणि देठाने चिकटणारे जीव बस्तान बसवतात. आणि गाळाचे वय वाढून पाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले की कवचधारी अमिबा आणि रोटिफरसारखे बहुपेशीय प्राणी आढळतात. हा क्रम इतका नियमित आहे की कोणते जीव किती आहेत यावरून टाकीची प्रकृती सांगता येते. कर्ड्स आणि कॉकबर्न यांनी १९७० मध्ये ब्रिटनमधील केंद्रांची पाहणी करून असा संबंध दाखवला, आणि इटलीतील पार्मा येथील पाओलो मादोनी यांनी १९९४ मध्ये त्यावरून ० ते १० गुणांचा निर्देशांक तयार केला. पाण्यातील सेंद्रिय द्रव्याची मोजणी करणाऱ्या नेहमीच्या चाचणीला ५ दिवस लागतात, आपल्याकडे बहुधा ३ दिवस. सूक्ष्मदर्शकातून हे जीव पाहण्यास अर्धा तास पुरतो. वीज जाऊन ब्लोअर काही तास बंद राहिला, तर रासायनिक चाचणीचा निकाल हाती येण्याआधीच दांड्यांवरून घंटा नाहीशा झालेल्या दिसतात. एखाद्या कारखान्याने जड धातूंचे पाणी गुपचूप गटारात सोडले, तर पक्ष्माभिकांची लय प्रथम मंदावते.

यंत्राने हवा दिलेल्या टाकीखेरीज सांडपाणी शुद्ध करण्याची आणखी एक रीत आहे, आणि उष्ण, भरपूर सूर्यप्रकाशाच्या देशात ती विशेष सोयीची ठरते. उथळ तळ्यांच्या मालिकेत पाणी अनेक दिवस ठेवून सूर्यप्रकाश, शेवाळ, जिवाणू आणि आदिजीव यांच्याकरवी ते शुद्ध होऊ देण्याच्या या रीतीला स्थिरीकरण तळ्यांची पद्धत म्हणतात. १९५८ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे १९७४ पासून नीरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, भारतीय हवामानात अशा तळ्यांचा अभ्यास केला; सोली आर्सेवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्यांची रचना, बांधणी आणि देखभाल यांविषयी लिहिलेले पुस्तक संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केले. या तळ्यांत ब्लोअरचे काम शेवाळ करते. दिवसा क्लोरेला, क्लॅमिडोमोनास, युग्लीना यांसारखे हरितद्रव्य असलेले सूक्ष्म जीव सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात आणि तो जिवाणू व आदिजीव वापरतात. उलट त्यांच्या श्वसनातून निघालेला कर्बवायू शेवाळाला मिळतो. भर उन्हात शेवाळ कर्बवायू इतक्या वेगाने ओढून घेते की पाण्याचा अल्कधर्म वाढतो आणि विष्ठेतील कित्येक जिवाणू त्यानेच मरतात. रात्री प्राणवायू तयार होणे थांबते, श्वसन मात्र चालूच राहते, आणि पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. तळ्यातील पक्ष्माभिकाधारी जीवांना या रोजच्या भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली सरकून आपापल्या सोयीचा थर गाठावा लागतो.

दीड मीटर खोलीच्या अशा तळ्याच्या तळाशी गाळाचा थर असतो आणि तेथे प्राणवायू अजिबात नसतो. तेथेही मेटोपस नावाचे पक्ष्माभिकाधारी जीव राहतात, आणि त्यांच्या जगण्याची तऱ्हा विलक्षण म्हणावी अशी आहे. प्राणवायू नसल्याने त्यांच्या पेशीत अन्नातून शक्ती मिळवताना हायड्रोजन वायू तयार होतो. तो साठून राहिला तर ती क्रियाच थांबेल. मेटोपसच्या पेशीच्या आत मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव वस्तीला असतात आणि ते हा हायड्रोजन वापरून मिथेन बनवतात. एका पेशीच्या पोटात दुसऱ्या कुळाचे जीव, आणि एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न, अशी ही सोयरीक आहे. वर उजेडात शेवाळाशी देवाणघेवाण, मधल्या थरात भक्षण आणि तळाशी सहवास, असे एकाच तळ्यात जीवसंबंधांचे तीन प्रकार थरांनी रचलेले असतात.

या जीवांचा गौरव करताना त्यांच्या कुळातील दुसरी बाजू विसरता येत नाही. आमांश घडवणारा एंटामिबा आणि अतिसार घडवणारा जिआर्डिया हेही आदिजीवच आहेत आणि त्यांचा प्रवास मैलापाण्यातूनच होतो. जिआर्डिया प्रथम पाहिला तोही लेव्हेनहुकनेच, १६८१ मध्ये, स्वतःच्या विष्ठेत. जाड आवरणाच्या कोषात शिरलेले हे जीव क्लोरीनलाही फारशी दाद देत नाहीत, म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यावर भाजीपाला पिकवताना सावधगिरी बाळगावी लागते. फुप्फुसांचा गंभीर दाह करणारा लीजिओनेला हा जिवाणू अमिबाने गिळल्यावर पचत नाही, तर अमिबाच्या आतच वाढतो. मित्र किंवा शत्रू हे गुण कोणत्याही कुळाच्या अंगचे नसतात. कोण कोठे आहे, काय खातो आणि कशाला धरून राहतो यावर ते ठरते. रोथॅमस्टेडच्या शेतातला निष्कर्ष मँचेस्टरच्या टाकीला लावता येत नव्हता तो याच कारणाने.

दयनीय, उपद्रवी आणि घाणीतले म्हणून तुच्छ, असे तीन शेरे या जीवांवर वेळोवेळी मारले गेले, आणि तिन्ही शेरे त्यांचे काम पाहण्याआधी दिलेले होते. घाणीजवळ जो असतो तो घाणेरडा, हा समज सूक्ष्मजीवांपुरता राहिला असता तर त्याची दखल शास्त्राच्या इतिहासात घेऊन पुढे जाता आले असते. परंतु आपल्या समाजाने तो माणसांना लावला आणि पिढ्यान्‌पिढ्या लावला. येथे माणसाची सूक्ष्मजीवाशी तुलना करावयाची नाही. व्हॉर्टिसेलाचे जिवाणू खाणे हा त्याचा जीवनक्रम आहे. माणसाने मैला उपसणे हे जातीने लादलेले काम आहे आणि ते अन्यायाचे आहे. साम्य आहे ते पाहणाऱ्याच्या दोषात. शहराचे आरोग्य ज्यांच्या श्रमावर उभे आहे त्यांच्याकडे न पाहता त्यांची किंमत ठरवण्याची सवय दोन्ही ठिकाणी तीच आहे. हाताने मैला साफ करण्याचे काम आणि सुरक्षेची साधने न देता गटारात व सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे यांवर २०१३ च्या कायद्याने बंदी घातलेली आहे, तरीही अशा टाक्यांत गुदमरून माणसे मरतात. प्राणवायू संपलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. तेथे प्राणवायूवर जगणारा एकही पक्ष्माभिकाधारी सापडणार नाही. तो त्याआधीच दांडा सोडून निघून गेलेला असतो. अशा जागी मजुरीच्या गरजेपोटी माणसाला उतरावे लागते, आणि सुटून जाण्याची सोय त्याला नसते.

सांडपाणी शुद्ध करणे म्हणजे एका वस्तीची निगा राखणे होय. त्या वस्तीला हवा अखंड मिळाली पाहिजे, गाळाला जुने होण्यास पुरेसा अवधी मिळाला पाहिजे आणि कारखान्यांचे विष तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये; एवढे केले की बाकीचे काम ती वस्ती स्वतः करते. यासाठी लागणारे ज्ञान दुर्मिळ नाही आणि साधनही महाग नाही. प्रत्येक केंद्रात एक बरा सूक्ष्मदर्शक असावा, आणि तो साहेबांच्या खोलीतील कपाटात कुलूपबंद न राहता टाकीजवळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती असावा. त्याला पुंजके, घंटा आणि पुंजक्यांवर चालणारे जीव ओळखण्याचे शिक्षण मिळावे, त्याने केलेल्या नोंदीवरून ब्लोअर आणि पंप चालवले जावेत, आणि त्याची नोकरी व सुरक्षितता कंत्राटदाराच्या मर्जीवर अवलंबून नसावी. पाण्याची प्रकृती प्रथम त्यालाच कळणार आहे, कारण पाण्याच्या सर्वांत जवळ तोच आहे.